बैल न लागलेला सावा

परवा माझ्या मुलानं उसाच्या सरीत उगवलेल्या साव्यावर औषध मारलं. तिसऱ्या दिवशी सगळा सावा पिवळा पडून लोळला. मी बांधावर उभी राहून बघितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. सावा हे तण आहे, दुकानदार तसंच सांगतो. पण मला जो राग आला तो इतक्या वर्षांनंतरही इतका ताजा होता की घरी येऊन पाणी पिऊन मला बसावं लागलं. राग मुलावर नव्हता. ज्यांच्यावर होता ती माणसं आता या जगात नाहीत, आणि त्यांच्यातलं एक जे उरलंय ते मी आहे. म्हणून हे लिहून काढते. मी चौथीच्या पुढे का शिकले नाही असं सुना विचारतात तेव्हा, तेव्हा कुठं पोरींना शिकवायचे, असं सांगून मी मोकळी होते. ते खोटं आहे. मला शिकवायचं ठरलं होतं. माझी पिशवीसुद्धा भरली होती.

आम्ही पळसदेवच्या बाजूला, धरणाच्या पाण्याच्या कडेला राहायचो. थंडी सरली की पाणी मागं सरकायला लागायचं. सकाळी उठून बघावं तर कालची कड आज कोरडी. पाण्याखालून निघालेला गाळ आधी लोण्यासारखा मऊ असायचा, मग त्याच्यावर साय धरायची, मग भेगा पडायच्या. पाणी फारच उतरलं तर बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर यायचं आणि त्यावर बगळे बसायचे. त्या गाळावर लोक काकडी, मका, चारा असं काहीबाही पेरायचे. सावा कुणी पेरत नसे. डबक्यांच्या कडेनं तो आपला आपण उगवायचा, गुडघ्याएवढा, जांभळट बारीक कणसांचा, आणि म्हशी त्याच्यावर तुटून पडायच्या. माणसानं खायची ती वस्तू नव्हे असंच सगळे समजायचे. माझी आई तसं समजत नव्हती. तिच्या माहेरी, कळंबकडे, दुष्काळाच्या साली तिच्या आईनं ओढ्याकाठचा सावा झोडून पोरं जगवली होती.

रानच्या साव्याची एक खोड असते. दाणा पिकला की तो रोपाच्या ताटावर थांबत नाही, गळून जातो. आज वाट बघावी तर उद्या सगळा जमिनीवर. आई दर वर्षी शेवटपर्यंत दाणा धरून ठेवणारी ताटं शोधायची, त्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधायची आणि तेवढ्यांचंच बी वेगळं काढून, राख लावून, वाळक्या भोपळ्यात ठेवायची. तो भोपळा चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असायचा. असं करत करत तिचा सावा रानच्या साव्यापेक्षा चार-पाच दिवस जास्त थांबायला लागला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कापणी पहाटे, दव असेपर्यंत करायची, म्हणजे दाणा सांडत नाही. आम्ही दोघी कणसं खुडून जुन्या लुगड्यावर टाकायचो. मग दुपारभर उखळात मुसळाचे घाव, सुपाची सरसर, आणि आईच्या केसांवर, भुवयांवर बसलेला बारीक कोंडा. नव्या साव्याचा पहिला भात ती ताकात कालवून मला द्यायची, वर तव्यावर भाजलेली हिरवी मिरची. तसं चवीचं मी नंतर कुठं खाल्लं नाही. एवढं सगळं करणाऱ्या बाईला कुणीतरी हुशार म्हणायला पाहिजे होतं. आमच्या घरात तिला धाकटी म्हणायचे, एवढंच.

घर आबांचं होतं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पूर्वी आमच्याकडे मेंढरं होती. आबांनी ती विकून बैलजोडी घेतली, वरच्या माळाला पाइपलाइन नेऊन ऊस लावला, आणि तेव्हापासून घरातली सगळी माणसं त्या उसाची झाली. चुलती वारली होती, मूलबाळ नव्हतं. आबांचं ताट वाढणं, धोतरं धुणं, उसात खुरपणं सगळं आईकडे. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायचे, आबांपुढे बोलत नसत. "जाऊ दे" एवढंच त्यांच्या तोंडात असायचं. आबा वाईट होते असं गावात कुणी म्हणणार नाही. पारावर बसले की माणसं हसवायचे, बैलांना त्यांनी कधी चाबूक लावला नाही. त्यांच्या फोटोला आजही हार असतो आणि मी पाया पडते, कारण सगळे बघत असतात.

आता ऋषिपंचमीचं सांगते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या, कुळवलेल्या रानातलं धान्य चालत नाही, हातानं उकरून लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं चालतं. वर्षभरात बाईच्या हातून विटाळ कालवला गेला असेल तर त्याचं पाप या उपासानं जातं, असं सांगतात. आई इंदापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, तिथं एका मास्तरीणबाईंशी तिची ओळख झाली. त्यांचे मालक हायस्कूलात मास्तर होते. बाईंच्या सासूबाई फार कडक. त्यांना ऋषिपंचमीला दुकानातली भगर चालत नसे, कारण ती कुठल्या रानातली, बैल लागला की नाही, कोण सांगणार. आईनं आपला सावा नेऊन दिला. पुढच्या वर्षी त्यांच्या गल्लीतल्या आणखी पाच-सहा घरांनी मागितला. मग सासूबाईंनी नियम घातले. वाफे कुदळीनं आणि खुरप्यानंच करायचे. बैल शिवारात आला तरी वाफ्याच्या कडेवर त्याचा खूर पडायचा नाही. धान्य बैलगाडीतून आणायचं नाही, एसटी चालेल. आणि महिन्याच्या चार दिवसांत आईनं वाफ्यात पाऊल टाकायचं नाही. आई हे सगळं पाळायची. त्याच चार दिवसांत आबांच्या उसात तिनं खुरपायला कुणाचीही हरकत नसायची, ना आबांची, ना देवाची. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतं.

साव्याच्या बदल्यात बाई कधी जुनं पातळ द्यायच्या, कधी स्टीलचं भांडं. मी चौथीत होते त्या वर्षी आईनं काही घेतलं नाही. आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते आणि मला वाचायची फार हौस होती, किराणाच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नसे. आईनं बाईंना विचारलं की पोरीला पाचवीला तुमच्याकडे ठेवाल का, ती वरकाम करेल, पडवीत झोपेल. बाई हो म्हणाल्या. सासूबाईंनीही मान हलवली. साव्याच्या घरची पोर म्हणजे स्वच्छच असणार, असं काहीतरी त्या म्हणाल्याचं आईनं मला तीन वेळा सांगितलं.

त्या वर्षी पाणी मागं सरलं, आईनं चार वाफ्यांची जागा धरली, कडेनं बाभळीच्या फांद्या लावल्या आणि एका वाफ्याचं उकरून झालं. तेवढ्यात तिचे चार दिवस आले. ती माळावर उसात गेली आणि मला राखणीला बसवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बैल आणि कुळव घेऊन गाळात उतरले. मला वाटलं ते खालच्या मक्याकडे चालले असतील. त्यांनी बाभळीच्या फांद्या पायानं बाजूला केल्या. मी उठून उभी राहिले. माझा आवाज तेव्हा असा होता की शाळेत हजेरीसुद्धा गुरुजींना ऐकू जात नसे. मी "आबा, आय म्हनलीय" एवढंच म्हणाले असेन. ते हसले. म्हणाले, तुझी आय आठ दिस हितं माती उकरत बसंल आन् तिकडं माझ्या उसात तण छातीला लागंल, बैल तासात मोकळं करत्याल. तीन वाफे त्यांनी दोन फेऱ्यांत कुळवले. गाळ मऊ होता, एकेक खूर बोटभर रुतला होता. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं आणि मला म्हणाले, "पुसून टाक त्ये. आयला सांगू नगं, तिला उगा वाईट वाटंल."

मी पुसलं. गुडघ्यावर बसून, आधी बाभळीच्या फांदीनं आणि मग हातानं, कुळवाच्या सगळ्या रेघा आणि सगळे खूर मी पुसले. खूर बुजवायला कडेची माती ओंजळीनं आणून टाकली. दुपार झाली तेव्हा माझ्या हातांना काटे लागून, फोड येऊन ते लाल झाले होते. आबांनी मला मारलं नव्हतं, धमकीही दिली नव्हती. त्यांनी नुसतं सांगितलं आणि मी केलं. माझा माझ्यावरचा राग या जागेपाशी येऊन थांबतो आणि पुढं सरकत नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन आई वाफ्यावर आली. मोकळी झालेली माती तिनं पायानं चाचपली, मग माझे हात बघितले. तिला वाटलं मीच केलं. तिनं विचारलं, "एकटीनं उकरलंस व्हय गं, शाले?" मी मान खाली घातली. मी लाजरी पोर, मान खाली घालणं हेच माझं हो असायचं आणि तेच माझं नाही असायचं. आईनं ते हो म्हणून घेतलं. घरी नेऊन तिनं माझ्या हातांना तेल लावलं, गुळाचा खडा दिला, आणि रात्री जेवताना दादांना आणि आबांना सांगितलं की माझ्या पोरीनं तीन वाफे एकटीनं केले. आबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, लई कामाची हाय की. त्यांना हसू येत होतं ते मला दिसलं. बी पेरलं गेलं, उगवलं, वर आलं. त्या दोन महिन्यांत आई भेटेल त्या बाईला माझं कौतुक सांगायची आणि मी दर वेळी ऐकत उभी राहायचे.

सावा त्या वर्षी कधी नव्हे एवढा आला. शाळा उघडायच्या आधी दोन दिवस आम्ही इंदापूरला निघालो. आईच्या डोक्यावर साव्याचं गाठोडं, माझ्या हातात वायरची पिशवी. त्यात दोन परकर-पोलकी, पाटी, चौथीचा दाखला आणि आईनं बाजारातून घेतलेली नवी वही. बाईंच्या पडवीत गल्लीतल्या बायका वाटा घ्यायला जमल्या होत्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. दर वर्षी त्या एकदाच विचारायच्या, बैल लागला नाही ना, आणि आई नाही म्हणायची, एवढ्यावर व्हायचं. त्या वर्षी त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की गाळपेर करणारे सगळे आता बैल घालतात. त्या म्हणाल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग.

आई हसली. तिला त्यात काही अवघड नव्हतं. ती म्हणाली, "यंदा तर हिनंच केलंय, हिच्याच डोक्यावर ठिवते." आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी खरं बोलले असं नंतर कुणी म्हणालं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते तसं नव्हतं. खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात असतो तो मरतो, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या आळीतली एक पोर तशीच गेली असं सगळे सांगायचे. आईच्या तळव्याचा ऊबदार भार डोक्यावर पडला आणि मला मरायचं भय वाटलं, बाकी काही नाही.

मी म्हणाले, "बैल आल्ते. आबांनी आनले. म्या पुसलं."

त्या पडवीत तेवढं एकदाच माझं बोलणं सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं. आईचा हात माझ्या डोक्यावरून लगेच निघाला नाही. तो जड होत गेला, मग निघाला. गल्लीतल्या बायका आपापले डबे झाकून उठल्या. सासूबाई म्हणाल्या, जी पोर दोन महिने आईच्या तोंडावर खोटं वागते ती आपल्या घरात नको. बाई चांगल्या होत्या, त्यांनी आवाज चढवला नाही. त्या आईला म्हणाल्या, "या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी बघू आपण. सावा ठेवून गेलीस तरी चालेल, एरवी खायला होईल."

एरवी खायला. म्हणजे बैलाचे खूर त्यांना एरवी चालत होते. आईचे चार दिवसही एरवी चालले असते. फक्त मी चालत नव्हते. बाईंना आईनं तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिनं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि पायऱ्या उतरली. एसटी स्टँडवर आम्ही शेजारी बसलो. तिनं मला चहात बुडवायला पाव घेऊन दिला. मारलं नाही. मी पाव खाल्ला, याचाही मला राग येतो.

घरी आल्यावर तिनं गाठोडं आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं की बैल घातले होते का. आबांनी पान लावायचं थांबवलं नाही. "घातलं की. बैल काय गवत बाटवतोय व्हय? आन् तुझं ऋषी काय गाळात बघाया येत्यात?" दादा म्हणाले, जाऊ दे. पोरीची शाळा गेली, असं आई म्हणाली. आबा म्हणाले, मंग बरंच झालं, उसात हात लागतोयच. दुसऱ्या आठवड्यात मी उसात होते. नवी वही आईनं कुठं ठेवली ते मला पुढं कधी दिसलं नाही.

त्या वर्षी ऋषिपंचमीला आईनं उपास केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं सकाळी ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं, माझ्यासमोर बसली आणि जेवली. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, तर म्हणाली, "बैलाच्या कष्टाचं खायचं न्हाय म्हनून दिस पाळत्यात. बाईच्या कष्टाचं खायचं न्हाय असा कंचा दिस हाय, सांग, त्यो पाळते." शेजारीण आत निघून गेली.

आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. आबांनी बैल धरणाच्या पाण्यात नेऊन घासले, शिंगांना हिंगूळ लावला, झुली चढवल्या. संध्याकाळी मिरवून आणल्यावर दारात उभे करायचे आणि घरच्या बाईनं ओवाळून पुरणपोळी चारायची, ही पद्धत. आळीतली पाच-पंचवीस माणसं दारात होती. आईनं ओवाळलं, कुंकू लावलं, पाय धुतले, सगळं नीट केलं. मग ती आत गेली आणि दोन्ही हातांनी मोठं पातेलं घेऊन बाहेर आली. त्यात पोळ्या नव्हत्या. गूळ घालून शिजवलेला सावा होता, काठोकाठ.

आबांनी विचारलं, "धाकटे, पोळ्या कुठं हायत्या?"

"ह्यांच्या कष्टाचं हाय, आबा. ह्यांनाच खाऊ द्या." तिनं पातेलं बैलांच्या पुढ्यात ठेवलं. "म्या काय ह्यात केलं न्हाय. तुमीच केलं."

कुणीतरी हसलं. एरवी आबा माणसं हसवायचे, आज पहिल्यांदा माणसं त्यांना हसली होती. त्यांचा हात बैलाच्या वेसणीवर होता तिथंच राहिला. बैलांनी माना घातल्या आणि चपाचपा खायला लागले. मी दाराच्या आड उभी होते. आईनं मागं न बघता हाक मारली.

"शाले, हिकडं ये. पुसलंस तू. तुझाबी वाटा हाय."

सगळ्यांच्या देखत मी गेले. तिनं पातेल्याच्या कडेचा सावा मुठीनं काढून माझ्या ओंजळीत घातला आणि मी खाईपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली. गोड होता. मी सगळा खाल्ला. तिनं मला वाटा दिला की शिक्षा दिली, हे तिच्या जिवंतपणी मी विचारलं नाही. पुढं ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, माझं लग्न केलं, माझी बाळंतपणं केली, पण हे दोघींच्या मध्ये तसंच राहिलं.

माघात पाणी मागं सरलं. गाळाचा वास घरापर्यंत यायला लागला तेव्हा मला वाटलं, आता आई विसरली असेल, आपणच वाफे करू, या वर्षी मी एकटीनं उकरते, खरंच एकटीनं. आई उसात गेल्यावर मी चुलीवरच्या आढ्याचा भोपळा काढला. तो हातात हलका लागला. मी बूच काढलं, भोपळा हलवला, उलटा करून तळहातावर झटकला. थोडी राख पडली. इतक्या वर्षांच्या चिंध्या बांधून निवडलेलं बी तिनं त्या पातेल्यात शिजवलं होतं, आणि त्यातलं ओंजळभर मी खाल्लं होतं.